गुरुवारच्या आत एक डबा

अकोला स्टेशनवर उतरले तेव्हा सकाळचे सात वाजले होते आणि फलाटावर चांगलीच थंडी होती. "विदर्भात कसली आलीय थंडी!" असं म्हणून मी स्वेटर पुण्याच्या घरीच काढून ठेवला होता. माझा स्वभावच तसा आहे. एखाद्या ठिकाणाचे आकडे माझ्याकडे असले, की ते ठिकाण मला कळलं असं मी धरून चालते. जानेवारीतल्या अकोल्याच्या पहाटेचा आकडा मात्र माझ्याकडे नव्हता, त्यामुळे शाल दोनदा गुंडाळून दात वाजवत मी स्टेशनबाहेर आले.

माझे आकडे वेगळ्याच गोष्टीचे असतात. पाळणा लांबवण्याची जी साधनं आहेत, म्हणजे गोळ्या, तांबी, तीन महिन्यांतून एकदा घ्यायचं इंजेक्शन, ती कुठल्या देशात किती उरली आहेत यावर आमची कचेरी नजर ठेवते. महिन्यातून एकदा संगणकाच्या पडद्यावर बऱ्याच देशांची माणसं जमतात. कोणी सरकारी असतं, कोणी कारखान्यातलं, कोणी मदत देणाऱ्या संस्थेतलं. कोणाचा साठा संपत आलाय, कोणाकडे जास्तीचा पडलाय आणि कारखान्यातून निघालेला माल आधी कुठे पाठवायचा, हे तिथे ठरतं. कोणाच्याच कपाटात खडखडाट होऊ द्यायचा नाही एवढंच आमचं ध्येय. ज्याच्याकडे साठा पुरेसा तो हिरवा, ज्याचा संपत आला तो लाल.

दिवाळीच्या आधी इंजेक्शन बनवणाऱ्या एका कारखान्यातलं यंत्र बंद पडलं आणि माल निम्म्यावर आला. रांगेत आपल्या वऱ्हाडाची मागणी होती आणि मलावी या आफ्रिकेतल्या देशाचीही. मलावी लालभडक. मी अकोला आणि अमरावती उघडून पाहिले, तर दोन्ही जिल्हे हिरवेगार. गावोगावच्या उपकेंद्रांत माल शिल्लक दिसत होता. मी शेरा दिला, माल मलावीला जाऊ दे. सगळ्यांनी माझं कौतुक केलं आणि ते मला आवडलं, खोटं कशाला बोलू? एवढ्या टंचाईतही हे दोन जिल्हे हिरवे कसे राहतात, ते बघून त्यावर एक छानसं टिपण लिहावं, म्हणून तर मी आले होते.

स्टेशनबाहेर सलीमभाई गाडी घेऊन उभे होते. पन्नाशीचे, मेंदी लावलेल्या दाढीचे, आणि बोलायला एकदम मोकळे. "पैले नाश्ता, मंग काम," असं बजावून त्यांनी मला एका गाड्यावर नेलं आणि तिखटजाळ रश्शात बुडवलेला आलूबोंडा (आपला बटाटेवडाच, पण अंगाने दुप्पट) हातात ठेवला. दुसऱ्या घासाला माझ्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं.

"काहून मॅडम, रडून राहिल्या? घरची याद आली काय?"

"रस्सा तिखट आहे हो!"

"हा? हा तं लेकराचा रस्सा हाय," ते म्हणाले आणि गाडेवाल्याला हाक मारून माझ्यासाठी दही मागवलं.

बार्शीटाकळीचा रस्ता काळ्याभोर रानांतून जातो. तूर सोंगून झाली होती, हरभरा घाट्यांनी लवला होता, आणि कपाशीच्या शेवटच्या वेचणीला बायका धुऱ्यावरून (बांधावरून) एकामागे एक निघाल्या होत्या. आमच्याकडच्या तुकड्या-तुकड्यांच्या शेतांची सवय असलेल्या डोळ्यांना हे लांबच लांब पसरलेलं रान फार मोठं वाटतं. तालुक्याचं गाव मागे टाकून आम्ही आत वळलो. ज्या गावात गेलो त्याचं नाव मी लिहीत नाही आणि बायकांची नावंही बदलली आहेत, कारण पुढे जे सांगायचं आहे ते त्यांच्या घरच्यांनी वाचायचं नाही.

उपकेंद्र म्हणजे दोन खोल्या, एक ओटा आणि दारात कडुनिंब. तिथल्या नर्सबाई तायडे सिस्टर वीस वर्षं याच भागात आहेत. खणखणीत आवाज, ठसठशीत कुंकू, हातात घड्याळ उलटं बांधलेलं. मी पुण्याहून येणार हे कळल्यामुळे त्यांनी चहा आणि शेव-मुरमुरे तयारच ठेवले होते. पहिला घोट घेते न घेते तोच एक बाई दारात आली. पंचविशीची, डोक्यावर झेंडूच्या फुलांची पाटी. ती पाटी ओट्यावर उतरवून आत आली आणि मला बघून थबकली.

"ये अर्चना, घरच्याच हायेत मॅडम," सिस्टर म्हणाल्या. "पण माल नाई आला व माय. गोळ्या नेतं का?"

"गोळ्या नाई जमत सिस्टर. बुढीच्या (सासूच्या) हाती लागल्या तं घरात राहू नाई देणार. आज काय वार? गुरुवारी चार हप्ते होतात. तुमीच सांगतलं होतं, त्याच्यानंतर नाई चालत म्हणून."

हे इंजेक्शन तीन महिन्यांनी पुन्हा घ्यायचं असतं. थोडा उशीर झाला तर चारेक आठवड्यांची सवलत असते, त्यापुढे भरवसा नाही. अर्चनाची ती सवलत गुरुवारी संपत होती आणि हा सोमवार होता. तिचं दुसरं बाळ नऊ महिन्यांचं. दोन्ही वेळा पोट फाडून बाळंतपण झालेलं, आणि पुढची तीन वर्षं दिवस राहता कामा नयेत असं तिला डॉक्टरने निक्षून सांगितलेलं. नवऱ्याला हे पटत होतं, सासूला मुळीच नाही. इंजेक्शन एवढ्यासाठीच बरं, की ते कोणाला दिसत नाही.

मला तर कळेचना. मी फोन उघडला. गावाचं नाव हिरवं, पुढे स्पष्ट लिहिलेलं : एक डबा शिल्लक, दहा इंजेक्शनं. माझ्यासारख्या बाईच्या तोंडाला कुलूप कुठलं? "सिस्टर, एक डबा आहे ना तुमच्याकडे?" मी विचारून मोकळी झाले.

मग सिस्टर उठल्या, लोखंडी कपाट उघडलं आणि वरच्या कप्प्याकडे बोट केलं. तिथे एक डबा होता. त्यावर हळदीकुंकवाचं बोट ओढलेलं होतं.

"हाय. पण तो नाई निघत."

"म्हणजे?"

"शेवटचा हाय तो. नवीन आल्याशिवाय शेवटचा डबा काढत नसतात, मॅडम. तुमी घरी पीठ संपवता काय, डबा खरडून? मूठभर ठेवताच ना? तेच हे."

मी हसले, पण त्या हसत नव्हत्या. "मागच्या साली तुमच्यासारखंच शहाणपण केलं म्या. होता नव्हता तो डबा देऊन टाकला. कपाट रिकामं झालं तं सात महिने काईच आलं नाई. बायका दारातून वापस जात, अन् मी आतून पाहत राहे. तेव्हापासून कपाट रिकामं नाई पडू देत. बरकत राहते."

त्या सात महिन्यांचं कारण मला चांगलं माहीत होतं. आमचा संगणक मागच्या महिन्यांत किती दिलं ते पाहतो आणि त्यावरून पुढे किती लागेल ते ठरवतो. कपाट रिकामं म्हणजे दिलेलं शून्य, आणि दिलेलं शून्य म्हणजे गरज शून्य. या बाईंनी बरकतीवर ठेवलेला विश्वास आमच्या गणितानेच पक्का केला होता.

"आणि तिले एक दिलं," सिस्टर अर्चनाकडे पाहत म्हणाल्या, "तं यादीत थांबलेल्या बाकीच्यांले कोन्या तोंडानं नाई म्हणू?"

ओट्यावर बसून मुरमुरे खाणाऱ्या सलीमभाईंनी मध्येच तोंड घातलं. "सिस्टर, बरकत तं अनाजात असते. दवाईत कायची बरकत? एक वाटी ज्वारी ठेवा तिथं, अन् डबा देऊन टाका."

"तुमी गाडी चालवा, भाऊ," सिस्टर म्हणाल्या.

डबा आहे हे अर्चनाला आत्ता, माझ्यामुळे कळलं होतं. तिने पाटी उचलली तेव्हा मी तिच्यामागे ओट्यावर गेले आणि अगदी सहज, जणू कोपऱ्यावरच्या दुकानातून साखर आणायची आहे अशा थाटात म्हणाले, "गुरुवारच्या आत नवीन डबा आणते. मग हा उघडेल."

"नक्की ना, ताई?"

"नक्की."

विभागाचं मोठं गोदाम अमरावतीला, आणि एक डबा म्हणजे किती? हातातल्या पिशवीत मावेल एवढा. मला तिळमात्र शंका नव्हती.

मंगळवारी मूर्तिजापूर, बडनेरा करत अमरावतीला पोहोचलो. अमरावती अकोल्यापेक्षा ऐसपैस वाटते आणि तिथली माणसं रस्ता सांगायला लागली की अर्ध्या वाटेपर्यंत सोबत येतात. विभागाच्या गोदामात गेलो. तिथले रफिकभाई येत्या वर्षात निवृत्त होणार होते आणि गोदाम त्यांनी देवघरासारखं ठेवलं होतं. प्रत्येक खोका भिंतीपासून हातभर लांब, प्रत्येकावर मोठ्या अक्षरात मुदतीची तारीख. मी इंजेक्शनाचं विचारलं, तर ते मला शेवटच्या रांगेत घेऊन गेले. फळीवर एकच खोका होता.

"हा आखरी हाय, मॅडम. हा नाई हलत."

"का?"

"पूर्ण गोदाम खाली करून ताला लावला तं मले घरी जेवण नाई जात. तीस साल झाले, एकबी फळी पूर्ण खाली नाई होऊ देल्ली. अन् खालच्या केंद्रांवर एकेक डबा हायेच ना? तुमच्याच पडद्यावर दिसते. मंग अडचण कायची?"

"रफिकभाई, ते डबे कोणी उघडत नाही."

"काहून?"

"तेही शेवटचे आहेत म्हणून."

ते इतके मोठ्याने हसले, की बाहेरचा शिपाई आत डोकावला. हसणं ओसरल्यावर त्यांनी टोपी काढून डोकं पुसलं. "म्हणजे ते माह्याकडे पाहून राहिले, अन् मी त्यायच्याकडे!" खोका मात्र त्यांनी दिला नाही. वरून नवीन माल निघाल्याचा निरोप आला, की त्याच दिवशी हा उघडतो, असं शपथेवर सांगितलं. वर म्हणजे कुठे? त्या रांगेच्या वरच्या टोकाला मीच बसले होते, पण त्यांच्यासमोर हे बोलायला माझी जीभ रेटली नाही.

जेवणाची वेळ टळून गेली होती. सलीमभाईंनी चौकातून गिलावडा आणला. दह्यात मुरलेला वडा, वर चटणी, आणि खाणाऱ्याने हात चाटायची लाज सोडायची. एरवी मी दोन प्लेटी संपवल्या असत्या. त्या दिवशी अर्धी तशीच राहिली आणि सलीमभाईंनी न विचारता ती संपवली.

संध्याकाळच्या आत भातकुलीकडच्या एका उपकेंद्रावर जाऊन आले. तिथली नर्स तरुण, हुशार, संगणकावर सराईत. तिच्या कपाटात डबा होता, प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून ठेवलेला. "आधीच्या सिस्टरांनी सांगितलं होतं, याला हात लावू नको," ती म्हणाली. तिने स्वतः कधी कारण विचारलं नव्हतं. परतताना गाडीत मी हिशेब मांडला. प्रत्येक गावात एक डबा आणि विभागाच्या गोदामात एक खोका. एकानेही खोटं लिहिलं नव्हतं. तरी त्या सगळ्यांची बेरीज होऊन माझ्या पडद्यावर जी हिरवळ पसरली होती, तिच्यातलं एकही इंजेक्शन कोणत्याच बाईला मिळणार नव्हतं.

बुधवारी रफिकभाईंच्या सांगण्यावरून चिखलदऱ्याला निघाले. मेळघाटातले रस्ते पावसात तुटतात, म्हणून तिथल्या केंद्रांत साठा आधीच भरून ठेवतात, तिथे जास्तीचं सापडेल असा त्यांचा अंदाज होता. परतवाडा सोडलं की सातपुडा समोर उभा राहतो. घाटात सागाची पानं रस्त्यावर पडलेली, दऱ्यांत धुकं, आणि वर पोहोचल्यावर हवेत असा गारवा की मला पुन्हा स्वेटर आठवला. चिखलदऱ्याला कॉफी पिकते हे शाळेत वाचलं होतं, तेव्हा ते पाठ करण्यापुरतंच होतं. झाडावरची लाल फळं पाहून आणि टपरीवरचा कडक कप पिऊन जरा जिवात जीव आला. टपरीवालीने भाजलेले शेंगदाणे वर फुकट दिले.

आतल्या एका केंद्रात खरोखरच दोन डबे होते. तिथल्या कर्मचाऱ्याने दोन्ही माझ्यासमोर ठेवले. "एक चालू हाय. दुसरा पावसाळ्याचा. तो आत्ता नेला तं जुलैत इथल्या बायांनं काय करावं?"

माझ्या मनात पाप आलं होतं, ते इथे कबूल करते. माझ्याकडे कचेरीचं पत्र होतं, शिक्का होता, मी तो दुसरा डबा उचलू शकले असते. जुलैला अजून अवकाश होता आणि गुरुवार उद्यावर होता. पण दिवाळीआधी मी नेमकं हेच केलं होतं, फक्त लांबून, पडद्यावरून. मी डबा परत त्याच्या हातात दिला.

त्याच दुपारी आमची महिन्याची सभा होती. चिखलदऱ्यात माझ्या फोनला रेंज येईना. सलीमभाई गाडी कधी या कड्यावर, कधी त्या कड्यावर नेत होते. शेवटी एका वळणावर दोन रेघा उमटल्या. त्यांनी चाकांमागे दगड लावले, माझा फोन काचेला टेकवून रुमालाने बांधला, आणि माकडं आत येऊ नयेत म्हणून बाहेर काठी घेऊन उभे राहिले. अशा थाटात मी देशोदेशीच्या लोकांसमोर हजर झाले.

माझी पाळी आली तेव्हा मी सरळ सांगितलं, "माझे दोन्ही जिल्हे हिरवे नाहीत. तो साठा वापरातला नाही, राखून ठेवलेला आहे. मी चुकीचा शेरा दिला." कारण सांगितलं, हळदीकुंकवाचंही सांगितलं. कोणी तरी हसलं. मग मलावीची चिसोमो बोलली. बाई मोठी रोखठोक आहे. "तुमचा माल आम्हाला पोहोचला. तो आला त्या सकाळी आमच्या केंद्रांपुढे रांगा होत्या, त्यामुळे तो परत द्या असं म्हणू नका." मी म्हटलं, म्हणणारही नाही. त्यावर ती म्हणाली, "आमच्या नर्सही शेवटचा डबा दडवतात. मला वाटायचं, हे फक्त आमच्याकडेच होतं."

पुढचा माल वऱ्हाडाला, असं तिथल्या तिथे ठरलं. निघायला तीन आठवडे. इतके देश, इतकी जहाजं, इतके कारखाने, पण गुरुवारपर्यंत एक डबा त्या गावात पोहोचवणं कोणाच्याच हातात नव्हतं. आणि डबा तर तिथेच होता, कपाटात.

घाट उतरण्याआधी, रेंज आहे तोवर, मी तायडे सिस्टरांना फोन लावला. "सिस्टर, मी डबा आणू शकले नाही. नवीन माल तीन आठवड्यांनी निघेल. तुमचा माल दिवाळीला येणार होता, तो मीच दुसरीकडे जाऊ दिला. तुमच्या कपाटात डबा दिसला म्हणून."

"माह्या डब्यापायी?" एवढंच त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

गुरुवारी पहाटेच अमरावती सोडली. गावात शिरलो तेव्हा दहा वाजत होते आणि उपकेंद्राच्या ओट्यावर बायकांच्या चपला होत्या. आत कपाट सताड उघडं. वरच्या कप्प्यात, डब्याच्या जागी, स्टीलची एक वाटी होती आणि तिच्यात ज्वारी. सलीमभाई दारातूनच ती पाहून गाडीकडे परतले, तेव्हा त्यांची दाढी कानापर्यंत हसत होती. सिस्टर टेबलाशी उभ्या होत्या आणि डबा त्यांच्यासमोर उघडलेला होता. रात्रीच घरोघर निरोप गेले होते, म्हणाल्या. यादीत दहा नावं होती.

अर्चना पहिली. बाही खाली करून ती बाहेर आली आणि माझ्याकडे न पाहताच पाटीतला झेंडू मुठीने उचलून माझ्या ओंजळीत घातला. "सिस्टरांनी उघडला," मी म्हटलं, "मी काही आणलं नाही."

"मालूम हाय मले," ती म्हणाली. पण झेंडू परत घेतला नाही. फुलांचा बाजार गाठायला तिला उशीर होत होता, ती लगबगीने गेली. मला इतकं हलकं वाटलं, की ओट्यावर बसून मी सिस्टरांचे शेव-मुरमुरे मागून खाल्ले.

नऊ झाल्या. दहावी बेबी. तिशीची, कडेवर मूल, अजून उभं राहायला शिकत असलेलं. घरी आणखी दोन. निरोप मिळाला म्हणून शेतावरचं काम टाकून ती आली होती आणि हसतच आत गेली. सिस्टरांनी तारीख बघितली, पाळीचं विचारलं, मग गरोदरपणाच्या तपासणीची पट्टी काढली. आम्ही तिघी त्या पट्टीकडे बघत उभ्या राहिलो. दोन रेघा उमटल्या.

बेबीने मूल या कडेवरून त्या कडेवर घेतलं. "म्या तं तीनदा येऊन गेली होती, सिस्टर," ती म्हणाली. आवाजात भांडण नव्हतं.

सिस्टर खुर्चीत बसल्या. वीस वर्षं खणखणीत बोलणारी ती बाई खाली मान घालून यादीवर पेन फिरवत राहिली. पुढे काय करायचं ते बेबी ठरवणार होती, आणि ती म्हणेल तेव्हा सिस्टर तिला स्वतः तालुक्याला नेणार होत्या. पण त्या क्षणी सगळा दोष त्यांच्या एकटीच्या डोक्यावर येऊन बसला होता आणि ते मला बघवेना.

"बेबीताई, चूक यांची एकट्यांची नाही," मी म्हटलं. "माल इकडे यायचा होता. मी तो दुसऱ्या देशाला दिला. तिथल्या बायकांची फार अडचण होती. मला वाटलं, इथल्या थांबतील."

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. मी कोण, कुठली, हे तिला ठाऊकही नव्हतं. "तुमी थांबल्या असत्या काय?" तिने विचारलं आणि उत्तराची वाट न पाहता ओट्यावरच्या चपला पायात सरकवून निघाली.

दुपारच्या गाडीने मी अकोल्याहून पुण्याला निघाले. सलीमभाईंनी बायकोने करून दिलेले रोडगे (गोवऱ्यांवर भाजलेले कणकेचे गोळे) आणि वांग्याची भाजी डब्यात बांधून दिली. "कमी तिखट हाय, लेकराची," असं सांगायला ते विसरले नाहीत. हरभऱ्याची रानं मागे पडत गेली आणि मी जेवले, पोटभर जेवले. शरम वाटत होती, ती वाटायलाच हवी होती. पण हातपाय गळाले नव्हते. चूक कुठे आहे ते आता मला दिसलं होतं, आणि दिसलेली चूक दुरुस्त करता येते यावर माझा विश्वास आहे.

घरी आल्यावर ते छानसं टिपण मी लिहिलं नाही. त्याऐवजी आमच्या तक्त्यात एक रकाना वाढवून घेतला. साठा किती, याच्या शेजारी आता विचारलेलं असतं : दारातून किती जणी परत गेल्या? तो रकाना वाढवायला दोन सभा भांडावं लागलं. चिसोमो माझ्या बाजूने भांडली. माल निघाल्याचा निरोप मिळताच रफिकभाईंनी खोका फोडला आणि फळीवर काय ठेवलं ते मात्र सांगितलं नाही.

पण या सगळ्याच्या आधी, नवीन माल निघायच्या आठवड्यातच, तायडे सिस्टरांचा फोन आला. बेबीसाठी उरलेलं ते दहावं इंजेक्शन त्यांनी आदल्या दिवशी, गावात नवीन लग्न होऊन आलेल्या एका मुलीला दिलं होतं.

"परत किती गेल्या?" मी नव्या सवयीने विचारलं.

"अजून एकबी नाई. पण आता माह्यापाशी काईच नाई, मॅडम. माह्या हातानं रिकामं केलं म्या कपाट." यादीचं पान उलटल्याचा आवाज आला. "सोमवारी दोघी येणार हायेत."